डीपीचा नारळ

बोरटोलीत नवी डीपी बसली त्या दिवशी नारळ फोडायचा मान गावानं इतवारी मारबतेला दिला. ट्रान्सफॉर्मरला गावात डीपीच म्हणतात. दोन खांबांच्या मधल्या त्या करड्या लोखंडी पेटीवर बायांनी खालूनच हळदकुंकू उडवलं, झेंडूची माळ बांबूनं वर चढवली, आरती ओवाळली. गावात धानाची सगळ्यात मोठी शेती मारोतरावांची. ते स्वतः पुढं झाले आणि म्हणाले, अर्ज यानं लिहिला, सह्या यानं गोळा केल्या, तर नारळही यानंच फोडावा. ढिवर टोलीतल्या, मासेमारांच्या वस्तीतल्या माणसाच्या हातून गावाचा नारळ फुटायची ती पहिलीच वेळ. इतवारीनं एका घावात दोन सारख्या वाट्या केल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याची माय बायाबाई मागं उभी होती. तिला आवाज नव्हता, म्हणून ती नुसतीच हसली.

ते साल एकोणीसशे त्र्याऐंशी. इतवारीला ही डीपी पाण्याच्या मोटारीसाठी नको होती, त्याच्याकडं वावरच नव्हतं. त्याला ती हवी होती गिटारसाठी.

मारबते पिढीजात मासे मारणारे. बाप वैनगंगेत जाळं टाकायचा, माय पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवण्याला, म्हणजे भातलावणीला जायची. चिखलात ओळीनं वाकलेल्या वीस-पंचवीस बायांमध्ये एक गाणारी असते. ती ओळ टाकते, बाकीच्या उचलतात. बायाबाई ती गाणारी. रोवण्याच्या दिवसांत शेतमालक तिला इतर बायांच्या आधी सांगून ठेवत, कारण तिचं गाणं सुरू असलं की कोणाची कंबर दुखत नाही, असा पंचक्रोशीत समज होता. सत्त्याहत्तर साली तिच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती कुजबुज, तीही तोंडाजवळ कान नेला तर ऐकू येणारी.

इतवारी तेव्हा भंडाऱ्याच्या आयटीआयमधून रेडिओ दुरुस्ती शिकून आला होता. मोहाडीला तहसील कचेरीच्या रस्त्यावर एक टेबल आणि एक स्टूल मावेल एवढं त्याचं दुकान. तिथं एक दिवस जवाहरनगरच्या कारखान्यातल्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं मान मोडलेली इलेक्ट्रिक गिटार आणून टाकली. नंतर त्याची बदली झाली आणि तो परत आलाच नाही. दोन वर्षं ती गिटार खिळ्याला टांगलेली होती. मग इतवारीनं सागाची पट्टी लावून तिची मान बसवली. तारांखालची, आवाज उचलणारी कॉइल जळालेली होती. ती त्यानं केसाएवढ्या तांब्याच्या तारेनं, हातानं, नव्यानं गुंडाळली. पाच हजारांवर वेढे, आणि तार एकदाही तुटली नाही. ज्या घरात पोरं चालायच्या आधी जाळं विणायला शिकतात, त्या घरातला तो हात होता.

ऍम्प्लिफायर त्यानं एका नाटक मंडळाच्या अडगळीतून उचलला. जुना, काचेच्या तापणाऱ्या नळ्यांचा, म्हणजे वॉल्व्हचा, चाळीस वॉटचा. आतला आऊटपुट ट्रान्सफॉर्मर जळालेला, तोही त्यानंच बांधला. स्पीकरचा कागद फाटला होता. त्याला तांदळाच्या पेजेनं जाळ्याचा तुकडा डकवला. अशा या सोंगाला त्यानं एका दुपारी घरी वीज जोडली आणि आपल्या मायचं रोवण्याचं एक गाणं बोटांनी शोधू लागला.

बायाबाई अंगणात मासे साफ करत होती. खवल्यांचे हात तसेच घेऊन ती दारात येऊन उभी राहिली. तार छेडली की आवाज अंगावर येत नव्हता. तो हळूच उठत होता, मग भरत होता, आणि ओळ संपताना कडेनं जरासा फाटत होता, बाईचा दम संपताना गळा फाटतो तसा. ती खाली बसली. त्याच्या गुडघ्यावर बोटानं ठोकून तिनं सांगितलं, इथं वर ओढ. पुन्हा ठोकलं, इथं सोड. मग त्याचा कान आपल्या तोंडाशी ओढून म्हणाली, "हा माया आवाज होय."

इतवारीच्या डोक्यात त्या दिवसापासून एकच गोष्ट बसली. मायची गाणी या आवाजात कॅसेटवर उतरवायची, ती कॅसेट नागपूरच्या दुकानात विकायला लागली पाहिजे, आणि मायनं ती जिवंतपणी ऐकली पाहिजे. गाणी तीस-पस्तीस होती. ती सगळी बायाबाईच्या डोक्यात होती आणि दुसरीकडं कुठंच नव्हती. तिच्याबरोबर ओळ उचलणाऱ्या बायांना उचलायचं तेवढं ठाऊक. टाकणारी ती एकटीच होती.

पहिली कॅसेट त्यानं एक्क्याऐंशी साली भरली. मारोतरावांच्या जावयाचा टेपरेकॉर्डर दोन दिवसांसाठी मागून आणला. माईक त्या मशीनच्या पोटातच होता आणि मशीनला स्वतःची अक्कल होती. आवाज मोठा झाला की ती आपोआप दाबायची, लहान झाला की ओढून वर आणायची. तार थांबली की घरातली सगळी घरघर पुढं धावून यायची. तरी चार गाणी भरली. ती घेऊन इतवारी नागपूरला सीताबर्डीत घनश्यामसेठकडं गेला. सेठ कीर्तनांच्या आणि लग्नगीतांच्या कॅसेटी काढून विकायचे. त्यांनी चारही गाणी डोळे मिटून ऐकली.

"मास्टर, असा टोन मी आजवर ऐकला नाही," ते म्हणाले. "बाई गाऊन राहिली का गिटार वाजून राहिली, समजत नाही. पण मागं ही माशी घोंगावते, तिचं काय करू? गिऱ्हाईक म्हणेन, कॅसेट खराब हाय." मग त्यांनी गावातल्या व्होल्टेजची चौकशी केली. इतवारीनं सांगितलं, एकशे साठ, कधी दीडशे. सेठनं मान हलवली. रोग सापडला होता. साफ व्होल्टेजवर, चांगल्या माईकनं भरून आणा, पाचशे कॅसेट मी काढतो, असा शब्द त्यांनी दिला.

बोरटोली विजेच्या लाईनच्या अगदी शेवटाला. धानाच्या मोटारी सुरू झाल्या की बल्ब पिकल्या टेंभराच्या फळासारखे पिवळट, मंद दिसायचे. कमी व्होल्टेज म्हणजे विजेचा आजार, हे इतवारी आयटीआयच्या पहिल्या वर्षापासून मानत आला होता. त्याच्या दुकानात येणारे निम्मे रेडिओ आणि पंखे त्याच आजारानं मेलेले असत. म्हणून सेठचं म्हणणं त्याला नवं वाटलं नाही, उलट आपण आधीच कसं ओळखलं नाही याची लाज वाटली. त्यानं अर्ज लिहिला. अठ्ठ्याण्णव सह्या आणि अंगठे घेतले. सायकलवर मोहाडी, एसटीनं भंडारा, असे दीड वर्षात त्यानं किती हेलपाटे घातले ते बायको बेबीबाईला पाठ होतं. ती म्हणायची, एवढ्या वेळा देवाकडं गेला असता तर देव उठून भेटायला आला असता. मारोतरावांनी वजन टाकलं, जागा मात्र कोणी देईना. शेवटी डीपी ढिवर टोलीच्या पडीत जागेवर, इतवारीच्या घरापासून चाळीस पावलांवर उभी राहिली.

नारळ फोडून तो घरी आला आणि आधी मीटर लावला. काटा दोनशे चाळीसवर जाऊन थांबला. त्यानं बेबीबाईला बोलावून काटा दाखवला.

त्याच दुपारी त्यानं गिटार जोडली. आवाज मोठा आला, साफ आला, घरघर खरंच कमी झाली. पण तार छेडली की आवाज ताडकन उभा राहायचा, स्टीलच्या ताटावर चमचा पडावा तसा. भरणं नाही, फाटणं नाही. इतवारीला वाटलं, हा खरा आवाज आहे आणि आता दोष माईकचा उघडा पडला.

त्यानंतरची दोन वर्षं त्यानं सामान निवडण्यात घालवली. नागपूरहून धातूच्या जाळीचा माईक आणला. तो स्पीकरच्या पुढं धरला, बाजूला धरला, मागं धरला, खाटेला उलटा टांगला. गोधड्या लावून खोली बंद केली. बेबीबाईनं विचारलं, गिटारला थंडी वाजते काय. एकदा तर धान साठवायच्या रिकाम्या ढोलीत स्पीकर उतरवला आणि तोंडाशी माईक बांधला. आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. मग दुसरा टेपरेकॉर्डर घेतला, ज्याला लेव्हलची वेगळी सुई होती आणि जो आपली अक्कल चालवत नव्हता. महागाच्या कॅसेटी आणल्या. तारा बदलल्या. प्रत्येक नव्या वस्तूनं आवाज आधीपेक्षा साफ व्हायचा आणि आधीपेक्षा परका. इतवारी वहीत नोंदी करायचा. माईक कुठला, अंतर किती, कॅसेट कोणती. व्होल्टेजचा रकाना त्यानं ठेवला नव्हता. ते तर आता पक्कं होतं.

बायाबाई रोज भिंतीला टेकून ऐकायची. आधी बोटानं ठोकायची, नंतर ते बंद केलं. एक दिवस तिनं हातानं त्याला जवळ बोलावलं.

"लाईट भक्कन लागते तवापासून तुयी गिटार रडत नाई, बाबू."

इतवारीनं हातातला माईक खाली ठेवला. "माय, तुले व्होल्टेजमधलं काय समजते? कमी व्होल्टेजनं मशीन मरते. पुस्तकात लिहून हाय. तू आपली गानं सांग."

बायाबाईनं पुन्हा तो विषय काढला नाही. तिला बोलायला तसेही कष्ट पडत. गाणी मात्र ती सांगत राहिली, पण आवाजच जागेवर नाही तर पुढचं गाणं बसवून काय उपयोग, असं म्हणून इतवारी पहिल्या चारांवरच अडून राहिला. आधी टोन, मग गाणी. असा त्याचा क्रम होता.

शेवटी दोष द्यायला एकच वस्तू उरली, तो जुना ऍम्प्लिफायर. वॉल्व्ह म्हातारे झाले असतील, असं त्यानं ठरवलं. सानगडीच्या जागेश्वर लाऊडस्पीकरवाल्याकडं नवा ट्रान्झिस्टरचा ऍम्प्लिफायर होता, इकोचं बटण असलेला, चंदेरी. जुना देऊन वर एक मोटार बांधून द्यायच्या बोलीवर इतवारीनं तो घेतला. जागेश्वरनं जुनी पेटी उचलून पाहिली आणि म्हणाला, "वजन तं बम्म हाय गा याचं. तांब्याचेच पैसे निघतीन." इतवारीही हसला.

नव्या ऍम्प्लिफायरवर, नव्या माईकनं, नव्या मशीनवर, पुऱ्या व्होल्टेजवर त्यानं चार गाणी भरली. एकही माशी ऐकू येत नव्हती. पंच्याऐंशीच्या दिवाळीआधी तो कॅसेट घेऊन सीताबर्डीला गेला. घनश्यामसेठनं पहिलं गाणं अर्धं ऐकलं आणि बंद केलं. मग इतवारीकडून जुनी कॅसेट मागून घेतली, ती लावली, पुन्हा नवी लावली.

"मास्टर, खरं सांगा. ही पहिली कोणी वाजवली होती?"

"मीच, जी."

"अन् ही नवी?"

"तीबी मीच."

सेठनं त्याच्या बोटांकडं पाहिलं. त्यांना तो माणूस खोटा वाटत नव्हता, पण स्वतःचे कानही खोटे वाटत नव्हते. मग त्यांनी तोडगा काढला. "असं करा. पहिली ज्यानं वाजवली, त्याले घेऊन या. तुमचे पैसे वेगळे, त्याचे वेगळे. मी कोणाचं नाव खात नाही."

इतवारीनं दोन्ही कॅसेटी पिशवीत टाकल्या आणि एसटी धरली. घरी आल्यावर नागपूरला काय झालं ते त्यानं सांगितलं नाही. बायाबाईनंही विचारलं नाही. ती त्या वेळी अंथरुणावरच असायची. गाठ दुसऱ्या बाजूनं पुन्हा आली होती. नवी कॅसेट मात्र तिनं एकदा लावायला सांगितली. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "हे कोनाचं होय?" तिला वाटलं, नागपूरच्या कोणीतरी वाजवलं असेल. इतवारी म्हणाला, हो, नागपूरचाच एक आहे.

शहाऐंशीच्या जानेवारीत बायाबाई गेली. रोवण्याच्या बाया मातीला आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीनं, शकुनबाईनं, तिचं गाणं धरायचा प्रयत्न केला. दुसऱ्या ओळीला ती अडली. पुढची ओळ कोणालाच येत नव्हती.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मोहाडीच्या दुकानात देवाजी मास्तरांचा जुना वॉल्व्हचा रेडिओ आला. बंद होता. रेडिओवाल्याचा नेम असा की मेलेला सेट सरळ बोर्डाला लावायचा नाही. आत शॉर्ट असला तर उडतो. आधी तो सिरीज बोर्डाला लावायचा, म्हणजे वाटेत एक शंभर वॉटचा बल्ब घालून. बल्बात काही वीज अडते, सेटला उरलेलीच पोचते. तो बोर्ड इतवारीच्या डोक्यावर भिंतीला पहिल्या दिवसापासून टांगलेला होता आणि त्यानं तो हजार वेळा वापरला होता.

दुरुस्त झाल्यावर रेडिओ त्याच बोर्डावर सुरू झाला. त्याच्या मागं ग्रामोफोन जोडायचं भोक होतं. ते चालतं का पाहायला काहीतरी लावायला हवं होतं, आणि खिळ्याला गिटार टांगलेली होती. मायच्या नंतर त्यानं ती घरून आणून इथं टांगली होती, पुन्हा हातात धरली नव्हती. त्यानं तिची वायर त्या भोकात जोडली आणि न बघता एक सूर छेडला.

सूर हळूच उठला. भरला. कडेनं फाटला.

बाहेर तहसीलीत जाणारी माणसं जात-येत होती. इतवारीनं बल्ब काढून रेडिओ सरळ बोर्डाला लावला आणि पुन्हा छेडलं. ताटावर चमचा पडला. बल्ब घातला. बाई गायला लागली. रेडिओच्या वायरीवर त्यानं मीटर धरला. त्याला माहीत होतं काटा कुठं थांबणार. तरी तो थांबेपर्यंत त्यानं पाहिलं. एकशे साठच्या जरा खाली.

वॉल्व्हला पोटभर वीज मिळाली नाही की तो दमून गातो. एवढीच ती गोष्ट. त्यासाठी माईक नको होता, चांगली कॅसेट नको होती, ढोली नको होती. एक शंभरचा बल्ब पुरला असता. आणि ज्या बाईला अक्षरओळख नव्हती तिनं हे भिंतीला टेकून ओळखलं होतं, सांगितलंही होतं.

दुसऱ्या दिवशी तो सानगडीला गेला. जागेश्वरच्या अंगणात जुन्या पेटीचा पत्रा होता. त्यात कोंबडी अंड्यांवर बसवली होती. वॉल्व्ह फुटले होते. ट्रान्सफॉर्मरचं तांबं भंगारात गेलं होतं, इतवारीनं मोजून वेढे घातलेलं तांबं. जागेश्वरला त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. तो म्हणाला, पत्रा पाहिजे असेल तर ने, कोंबडी उठू दे फक्त. इतवारी म्हणाला, राहू दे, तिले कायले उठवतेस.

देवाजी मास्तरांचा रेडिओ दहा दिवस दुकानात पडून होता. मास्तर भले माणूस, मागितला असता तर दिला असता. त्या रेडिओवर चार गाणी साफ भरता आली असती. इतवारीनं दोनदा टेपरेकॉर्डर काढून टेबलावर ठेवला. पण गाणी होती तीस-पस्तीस, आणि त्याला चारच येत होती. पाचवं कुठं ओढायचं आणि सहावं कुठं सोडायचं, हे सांगायला गुडघ्यावर आता बोट पडणार नव्हतं. दोन वर्षं माय रोज समोर बसली होती. दोन वर्षं तो माईक सरकवत होता. त्यानं रेडिओ पुसला आणि मास्तरांना नेऊन दिला. घनश्यामसेठला त्यानं कळवलं नाही. पुढं कोणीतरी सांगितलं, सेठनं आता कॅसिओवरची गाणी काढायला घेतली आहेत.

बोरटोलीत व्होल्टेज चांगलं म्हणून लोकांनी उन्हाळी धान वाढवला. धान वाढला म्हणून मोटारी वाढल्या. अठ्ठ्याऐंशीच्या फाल्गुनात बल्ब पुन्हा टेंभरासारखे झाले. इतवारीच्या घरातला काटा पुन्हा एकशे साठला आला. चंदेरी ऍम्प्लिफायर त्यावर नुसता घरघरला आणि बंद पडला.

मारोतराव कोरे कागद घेऊन स्वतः दुकानात आले. म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, तुला बाबू लोक ओळखतात, आणखी एक डीपी मागू. इतवारीनं कागदांना हात लावला नाही.

"काहून गा, तुले नको का व्होल्टेज? तुयी ते गिटार..."

"ज्याले आयकाचं होतं ते गेलं, जी," इतवारी म्हणाला. "मले आता एकशे साठबी तेवढंच अन् दोनशे चाळीसबी तेवढंच."

मारोतरावांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी कागद टेबलावर ठेवले. इतवारीनं एक कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि अर्ज लिहायला घेतला. शब्द त्याला पाठ होते. कमी व्होल्टेजमुळे आमचे फार नुकसान होत आहे, असं त्यानं स्वच्छ अक्षरात लिहिलं, खाली सही केली आणि कागद पुढं सरकवला.

मारोतराव खूश झाले. निघताना म्हणाले, "या खेपेसबी नारळ तुयाच हातचा."

"नारळ कोनालेबी द्या, जी," इतवारी म्हणाला. "मले नका देऊ." आणि तो समोरचा पंखा उघडायला वळला. कमी व्होल्टेजनं जळालेला होता.